तुम्ही विचारलेत म्हणून : ढगात जायचेच नाही, तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग कशाला?

दर एक-दोन महिन्यांनी पुण्याहून, नाशिकहून किंवा नागपूरहून एखाद्या मुलाचा फोन येतो आणि अमेरिकेतली फी, व्हिसा, राहण्याची सोय हे सगळे विचारून झाले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : "सर, मला स्वच्छ हवेत नवशिक्यांना शिकवून फक्त उड्डाणाचे तास वाढवायचे आहेत. मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर होण्याआधी इन्स्ट्रुमेंट रेटिंगवर एवढा पैसा कशाला घालायचा?" मी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर विमान चालवायला शिकवतो आणि एके काळी मीही हाच प्रश्न विचारून बसलो होतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे ढगात, बाहेरचे काही दिसत नसताना, केवळ उपकरणांकडे पाहून विमान उडवण्याची परवान्यावरची मुभा.

आधी नियम. अमेरिकेच्या एफएएच्या, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या, नियमाप्रमाणे विमानाचा इन्स्ट्रक्टर होण्यासाठी कमर्शियल किंवा त्यावरचा एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवाना असावा लागतो आणि त्यासोबत इन्स्ट्रुमेंट रेटिंगही असावेच लागते. गंमत म्हणजे ग्लायडर किंवा हेलिकॉप्टर शिकवणाऱ्याला ही अट नाही. रेटिंगसाठी आपण स्वतः कमांडमध्ये राहून केलेले 50 तासांचे क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळापर्यंतचे) उड्डाण आणि उपकरणांच्या आधारे केलेले 40 तासांचे उड्डाण लागते. या 40 पैकी किमान 15 तास इन्स्ट्रक्टरसोबतचे असावे लागतात. या रेटिंगशिवाय कमर्शियल परवाना मिळतो खरा, पण त्यावर भाड्याने प्रवासी नेताना रात्री उडता येत नाही आणि 50 नॉटिकल मैलांपलीकडचे क्रॉस-कंट्री उड्डाणही करता येत नाही. तेव्हा पैसे वाचवण्याचा तो मार्ग फार लांब जात नाही.

आता 'मी फक्त स्वच्छ हवेत शिकवीन' या म्हणण्याकडे वळू. प्रायव्हेट परवान्याच्या विद्यार्थ्यालाही केवळ उपकरणांकडे पाहून विमान सांभाळण्याचे 3 तासांचे शिक्षण घ्यावे लागते आणि ते साधा इन्स्ट्रक्टरच देतो. म्हणजे ढगाला कायमचा रामराम ठोकलेल्या शिक्षकालाही हा धडा चुकत नाही.

तो धडा का ठेवला आहे, हे 1954 सालच्या इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्रयोगावरून कळते. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या 20 जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला दिले, तेव्हा विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. त्यांपैकी 19 जण खाली जाणाऱ्या घट्ट गिरकीत सापडले.

ही गिरकी मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. डोळे मिटायला सांगून विमान एका बाजूला कलते करतो, नाक खाली घालतो आणि मग म्हणतो, "आता उघड, विमान तुझे." वेग वाढताना आणि उंची कमी होताना दिसली की जवळजवळ प्रत्येकाचा हात आधी योक, म्हणजे विमानाचे स्टिअरिंग, मागे खेचतो. विमान कललेले असताना मागे खेचले की गिरकी आणखी घट्ट होते. म्हणून आधी इंजिनाची ताकद कमी करायची, मग पंख सरळ करायचे आणि त्यानंतरच नाक हळूहळू वर आणायचे, हा क्रम हातात मुरेपर्यंत घोटून घ्यावा लागतो. हे घोटून घेणाऱ्याच्या स्वतःच्या हातात तो क्रम आधीच मुरलेला नसेल, तर शेजारच्या खुर्चीत दोन विद्यार्थी बसले आहेत असेच म्हणावे लागेल.

मात्र माझी तक्रार नियम कडक असल्याची नाही, तो एके ठिकाणी फार सैल असल्याची आहे. ते 40 तास 'प्रत्यक्ष किंवा कृत्रिम' असे कसेही चालतात, त्यामुळे खऱ्या ढगात एकदाही न शिरता रेटिंग मिळू शकते आणि कोरड्या हवेच्या वाळवंटी भागात ते सहज घडते. डोळ्यांवर बाहेरचे दृश्य झाकणारा फॉगल्सचा चष्मा असला, तरी कडेने थोडा उजेड दिसतोच. त्याहून मोठी लबाडी सूर्य करतो : विमान वळले की पॅनेलवर पडलेली सावली सरकते आणि तोल सांगणाऱ्या कानाने फसवले तरी ती सावली आपल्याला गुपचूप सांगून जाते. असे डोळे झाकून उडताना माझी दिशा बिनचूक असायची, याचा मला अभिमान होता.

तो अभिमान समुद्रावरून येणाऱ्या स्ट्रेटसच्या, म्हणजे सपाट पसरलेल्या खालच्या ढगाच्या, थरात पहिल्यांदा शिरलो त्या सकाळी उतरला. आत सगळीकडे सारखाच पांढरा उजेड होता आणि सावली कुठेच नव्हती. डावीकडचे वळण संपवून मी पंख सरळ केले, तर कान ठामपणे सांगू लागला की आता आपण उजवीकडे कलतो आहोत. लांब वळणात कानातला द्रव स्थिर होतो आणि वळण थांबले की उलटीच बातमी देतो, हे पुस्तकात वाचलेले असूनही मी नकळत योक डावीकडे फिरवू लागलो होतो. माझ्या इन्स्ट्रक्टरने काही न बोलता विमान किती कलले आहे ते दाखवणाऱ्या ॲटिट्यूड इंडिकेटरच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक केली.

आणखी एक गैरसमज राहतो. रेटिंग असलेला इन्स्ट्रक्टर इन्स्ट्रुमेंट रेटिंग शिकवू शकतो असे नाही. त्यासाठी इन्स्ट्रक्टरच्या परवान्यावरच वेगळे इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागते, त्याला सगळे 'डबल आय' म्हणतात आणि त्याची परीक्षाही वेगळी असते. ज्यांना खरोखर तास वाढवायचे आहेत, त्यांनी ते लगेच घ्यावे, कारण त्याने शिकवण्याचे काम वाढते.

म्हणून शाळेला फोन कराल तेव्हा फीच्या आधी एवढे विचारा की त्यांच्या विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात 'ॲक्च्युअल'च्या, म्हणजे खऱ्या ढगातल्या उड्डाणाच्या, रकान्यात काही भरलेले असते का. आमच्याकडे येणार असाल, तर मे-जूनमध्ये या. थराचा माथा बहुधा 2000 फुटांच्या आसपास असतो आणि वर ऊन असते. पण सकाळी सातला विमानापाशी हजर राहावे लागेल, कारण दुपारपर्यंत तो बहुतेक वेळा विरून जातो.