तीन दिवस आणि १८६ गोषवारे

आमच्या विज्ञान संस्थेच्या वार्षिक अधिवेशनाचं सचिवपद माझ्याकडे आलं, तेव्हा हाताशी चौदा महिने होते. खरी दगदग पैशांची आणि सभागृहाची असेल असं मला वाटलं होतं. ती होतीच. नोंदणीचे पैसे शेवटच्या दोन महिन्यांत येतात आणि सभागृहाची अनामत मात्र कितीतरी आधी भरावी लागते. म्हणून आमच्या खजिनदारांनी किमान किती माणसं आली तर खर्च भागेल, हा आकडा पहिल्याच बैठकीत काढला आणि त्याच मर्यादेत सगळं बसवलं. निवासाच्या करारात राखून ठेवलेल्या खोल्या भरल्या नाहीत तर फरक संस्थेने द्यायचा, असं एक कलम होतं. ते मी सही करून झाल्यावर नीट वाचलं. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. खोल्या भरल्या, पण अशी सही पुन्हा होणार नाही.

सगळ्यात जास्त भांडावं लागलं ते वेळेसाठी.

तीन दिवस, रोज सहा तास, म्हणजे १८ तास. ४५ मिनिटांची चार बीजभाषणं आणि ३० मिनिटांची दहा निमंत्रित व्याख्यानं, यातच आठ तास संपले. उरले दहा. एका भाषणाला १५ मिनिटं, त्यातली १२ बोलायला आणि ३ प्रश्नांना. म्हणजे एका दालनात ४० भाषणं. संशोधनाचे गोषवारे, म्हणजे थोडक्यातले सारांश, आले होते १८६ आणि त्यातल्या १३० जणांना व्यासपीठावरून बोलायचं होतं. समितीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं, तीन समांतर दालनं करा आणि पोस्टर, म्हणजे फळीवर लावून शेजारी उभं राहून समजावायचं काम, मधल्या सुट्टीत उरका. मी ठाम नाही म्हटलं. पोस्टरपाशी उभे राहतात ते बहुतेक विद्यार्थी. मधल्या सुट्टीत लोक पाय मोकळे करायला जातात आणि ती मुलं रिकाम्या वाटेकडे बघत बसतात. विद्यार्थी असताना मी तशी उभी राहिले आहे.

त्या बैठकीत मी जर्मनीतल्या कार्ल्सरूहची गोष्ट सांगितली. १८६० च्या सप्टेंबरमध्ये तिथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ अणुभारांचा घोळ सोडवायला जमले होते. तीन दिवसांच्या सभांतून एकमत झालं नाही. अधिवेशन संपताना मात्र इटलीचे रसायनशास्त्रज्ञ कानित्सारो यांची अणुभारांवरची एक छोटी पुस्तिका त्यांच्या मित्राने सगळ्यांच्या हातात दिली. तिथे आलेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांनी ती परतीच्या वाटेवर वाचली आणि त्यांच्या मनातला गोंधळ मिटला. पुढे मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे मेंडेलीव्हही त्या सभेला हजर होते. तिथे काम झालं ते व्यासपीठाच्या बाहेर. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी जागा कुठे आहे, एवढंच मी विचारलं.

शेवटी दोन दालनं ठरली. दोन दिवस रोज दीड तास फक्त पोस्टर, त्या वेळात एकही भाषण नाही. भाषणं ५६ उरली. ज्यांना बोलायला मिळालं नाही, त्यांची पत्रं महिनाभर येत होती. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर लिहिलं.

निवडीतही एक गोष्ट उशिरा कळली. प्रत्येक गोषवारा तीन परीक्षकांकडे जायचा आणि स्वतःच्या प्रयोगशाळेतला कुणाकडेही नाही, एवढी काळजी घेतली होती. पण एक परीक्षक कुणालाच दहापैकी सहाच्या वर देत नव्हते, तर दुसऱ्या सगळ्यांना आठ-नऊ देत होत्या. नुसती सरासरी काढली तर गोषवारा कुणाच्या वाट्याला गेला, यावरच निकाल ठरणार होता. मग प्रत्येक परीक्षकाची स्वतःची सरासरी काढून, तिच्यापासून गुण किती वर किंवा किती खाली, ते मोजलं. यादी बरीच हलली.

मध्येच एका निमंत्रित वक्त्या बाईंचा निरोप आला, ‘तुमच्या निवास विभागाने कार्डाचा क्रमांक मागितला आहे, देऊ का?’ आमचा असा विभागच नव्हता. वक्त्यांची जाहीर यादी उचलून अशी फसवणूक करणारे बरेच असतात. त्याच रात्री सगळ्यांना कळवलं आणि कोणत्या पत्त्यावरून आलेलं पत्रच आमचं समजावं, तेही लिहिलं. हे निमंत्रणपत्रातच असायला हवं होतं.

पोस्टरच्या दिवशी माझी चूक समोर आली. सूचनेत मी ‘ए-शून्य आकार’ लिहिलं होतं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं, ते लिहिलं नव्हतं. फळ्या होत्या ९५ सेंटिमीटर रुंद. सकाळी आठ वाजता सात विद्यार्थी आडवी पोस्टरं गुंडाळून आणलेल्या नळ्या घेऊन उभे होते. एका मुलीने पोस्टर फळीवर धरून बघितलं, तर दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी वीत बाहेर. शिल्लक पाच फळ्या शेजारी जोडून पाच जणांची सोय झाली. उरलेल्या दोघींची पोस्टरं स्वयंसेवकांनी खिडकीच्या मोठ्या काचांवर चिकटवली. विषम क्रमांकवाल्यांनी पहिली ४५ मिनिटं आपल्या पोस्टरपाशी थांबायचं, सम क्रमांकवाल्यांनी नंतरची, असं ठरवल्यामुळे त्यांना एकमेकांची कामंही बघता आली. तासाभराने गेले, तर त्या काचेपाशी एक बीजभाषक जमिनीवर बसून त्या मुलीच्या आलेखाखालची बारीक अक्षरं वाचत होते आणि तीही शेजारी बसून समजावत होती.

सत्राध्यक्षांना मी एकच गोष्ट बजावली होती. वक्ता आला नाही तर पुढच्याला आधी बोलवायचं नाही. दुसऱ्या दालनातून कुणीतरी नेमकं त्याच वेळी ते भाषण ऐकायला निघालेलं असतं. एका सत्रात अशी १५ मिनिटं मोकळी राहिली आणि आधीच्या भाषणावरचा प्रश्न पूर्ण वेळ रंगला.

पुढच्या समितीला द्यायची फाइल मी अधिवेशन संपल्यावर आठवड्याभरात लिहून काढली. पहिल्या पानावर आहे: ‘पोस्टर उभंच. रुंदी ९० सेंटिमीटरच्या आत. दीड तास त्यांचाच, कुणी मागितला तरी देऊ नये.’ नव्या सचिवांचा परवा फोन आला होता, तिसरं दालन हवंच आहे म्हणून. आमचं तासभर बोलणं झालं. निर्णय अजून व्हायचा आहे.