178 चा पट्टा सापडला, पेलेटमध्ये

कीटकांच्या अंड्यांतली बलकाची प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून पाहतोय; प्रत्येक नमुन्याची एक लेन, प्रत्येक प्रथिनाचा एक पट्टा. रेशीमकिड्याच्या अंड्यांच्या लेनमध्ये अखेर 178 किलोडाल्टनचा जाड, सरळ पट्टा आला, आणि खाली 42 चाही. मागच्या जेलमध्ये दोन्ही जवळजवळ गायब होते. संशय प्रोटिएजवर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरावर होता, पण प्रोटिएजनं खाल्लं असतं तर खाली तुकड्यांचा धूर दिसला असता. लेन तर स्वच्छ कोरी होती.

घोळ मिठाचा निघाला. व्हायटेलिन, म्हणजे बलकातलं मुख्य प्रथिन, ज्याचे हे दोन पट्टे, कमी क्षारात विरघळून राहत नाही. 50 मिलिमोलर ट्रिसमध्ये अंडी चेचली की ते कोरिऑनच्या (अंड्याच्या कवचाच्या) कचऱ्यासोबत तळाशी पेलेट होऊन बसतं, आणि आपण वरचं पाणी जेलवर चढवतो. आता बफर असा: ट्रिस 50 मिलिमोलर, पीएच 7.5, ईडीटीए 5 मिलिमोलर, मीठ 0.4 मोलर, म्हणजे 50 मिलीला 1.17 ग्रॅम. सोडियम क्लोराइडच घ्या. पोटॅशियमचं मीठ जेलच्या एसडीएस डिटर्जंटला भेटलं की पांढरा साका धरतो. प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ अंडी चेचण्याच्या क्षणी घाला, पीएच 7.5 ला पाण्यात त्याचं अर्धं आयुष्य तासाभराचंच, नाशिकच्या एप्रिलमध्ये त्याहून कमी.

पण एवढ्या मिठानं लेन फुगते आणि शेजारच्या पट्ट्यांनाही वाकवते. म्हणून 1 भाग अर्काला 9 भाग सॅम्पल बफर. बलकात प्रथिन इतकं असतं की एवढं पातळ करूनही कूमासीच्या निळ्या रंगात ठळक दिसतं. अंडी घातलेली नकोत. कोशातून नुकत्याच निघालेल्या मादीच्या पोटातली घ्या. वजन मोजायचे मार्कर बिनरंगी वापरा. आधीच रंगवलेले मार्कर 178 सारख्या वजनाला भरवशाचे नाहीत.

हे लिहिता लिहिता सुचलं: ज्या गुणानं छळलं, त्याच गुणानं शुद्धीकरणही होईल! 0.4 मोलरचा स्वच्छ अर्क थंड पाण्यानं दहापट पातळ करायचा, बर्फावर ठेवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, पेलेट पुन्हा 0.4 मोलरमध्ये विरघळवायचं. कॉलमनं शुद्ध करण्याचा बेत त्यामुळे बाजूला. ईएसपी, म्हणजे रेशीमकिड्याच्या बलकातलं आणखी एक प्रथिन, वरच्या पाण्यात राहतं का, तेही याच जेलवर कळेल.

द्राक्षांवरच्या चिलटांची (ड्रोसोफिला) लेन मात्र पहिल्याच फटक्यात सुंदर आली. 12 टक्के जेलवर 45 च्या आसपास एकमेकांना चिकटलेले तीन पट्टे, बलकाची प्रथिनं वायपी 1, 2, 3. या माश्यांनी व्हायटेलोजेनिन (ज्यापासून व्हायटेलिन बनतं ते प्रथिन) सोडून लायपेजच्या, म्हणजे चरबी तोडणाऱ्या विकराच्या घराण्यातलं प्रथिन बलकासाठी घेतलं. रेशीमकिड्याचं ईएसपीही लायपेजशीच नातं सांगतं, फक्त तिथे व्हायटेलोजेनिन शाबूत आहे. एकाच जेलवर हे शेजारी-शेजारी पाहणं फार समाधानाचं.

म्हणून पुढची लेन मधमाशीऐवजी एडिस डासाची. मधमाशीचं व्हायटेलोजेनिन आरएक्सएक्सआर खुणेपाशी, जिथे इतर कीटकांत त्याचे मोठा आणि छोटा असे तुकडे होतात, कापलंच जात नाही, 180 चा एकच पट्टा येणार. डास मात्र द्विपंखी असूनही जुनं व्हायटेलोजेनिन राखून आहे: मोठा तुकडा 200, छोटा 66. काळ्या डब्यात पाणी आणि कडेला फिल्टर पेपरची पट्टी, रोज सकाळी बदलायची, म्हणजे अंडी ताजी मिळतील आणि अळ्या घरात निघणार नाहीत.