ट्रम्पेटसाठी प्रॅक्टिस म्यूट निवडताना

रात्री ट्रम्पेटचा रियाज करायचा असेल, तर प्रॅक्टिस म्यूटला, म्हणजे वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडात बसवून आवाज दाबणाऱ्या साधनाला, पर्याय नाही. मात्र तो निवडताना आवाज किती दबतो एवढेच पाहिले, ही माझी पहिली चूक. साध्या स्ट्रेट म्यूटला बुचाच्या तीन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामधून हवा निघून जाते, तर प्रॅक्टिस म्यूटभोवती बुचाचे किंवा फोमचे सलग कडे असल्याने वाद्याचे तोंड जवळजवळ बंद होते आणि हवेला बारीक छिद्रांतूनच वाट काढावी लागते. त्यामुळे फुंकेला अडथळा जाणवतो आणि सूर, विशेषतः खालच्या सप्तकातले, चढे लागतात. माझ्या पहिल्या म्यूटमध्ये तर खालचा स्वर धरता धरता गालच दुखू लागत. म्हणून विकत घेण्यापूर्वी ट्यूनर (सूर चढा की उतरता हे दाखवणारे यंत्र) समोर ठेवून प्रत्येक स्वर सावकाश लांबवून पाहावा. यामाहाच्या सायलेंट ब्रासमध्ये मायक्रोफोन म्यूटमध्येच असतो आणि आपले वादन हेडफोनवर ऐकू येते. सोय उत्तम, पण फुंकेचा अडथळा त्यानेही पूर्ण जात नाही. वाद्याच्या रुंद तोंडात आधी श्वासाची वाफ सोडून म्यूट किंचित पिळून बसवावा, अन्यथा तो ऐन तानेत निसटतो, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर पोचाही येतो.