डब्ल्यूएनबीए प्लेऑफची वही : २६२ ओळी भरल्या, ९६ मालिका बाकी

डब्ल्यूएनबीए म्हणजे अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि प्लेऑफ म्हणजे तिच्या साखळीनंतरच्या बाद फेऱ्या. १९९७ पासूनच्या या फेऱ्यांचे सामने स्प्रेडशीटच्या वहीत नोंदवायचं काम चालू आहे. आजची स्थिती. १९९७ ते १९९९ पूर्ण, २२ सामने. २०१६ ते २०२५ पूर्ण, १८५ सामने. मधल्या २००० ते २०१५ या सोळा मोसमांच्या फक्त अंतिम मालिका भरून झाल्यात, ५५ सामने. एकूण २६२ ओळी. राहिलेल्या ९६ मालिका सगळ्या 'तीनपैकी दोन' प्रकारच्या आहेत, म्हणजे अजून किमान १९२ आणि जास्तीत जास्त २८८ ओळी यायच्या आहेत.

रचना शेवटी ठरली ती अशी : एक ओळ म्हणजे एक सामना. एका मालिकेला एक ओळ दिली की वही आटोपशीर दिसते, पण यजमान कोण, मैदान कोणतं, ओव्हरटाइम झाला का, हे तीन प्रश्न कायमचे अनुत्तरित राहतात. आणि प्लेऑफमधली खरी गंमत त्या तीन प्रश्नांतच आहे. मालिकेचा निकाल सामन्यांच्या ओळींवरून मोजून काढायचा, हाताने लिहायचा नाही.

हाताने का नाही? रकान्यात २-१ किंवा ३-२ लिहून एंटर दाबलं की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते, २ जानेवारी नाहीतर ३ फेब्रुवारी. दिसायला तो रकाना बरोबरच दिसू शकतो, आत मात्र भलताच आकडा बसलेला असतो. नंतर रकान्याचं स्वरूप बदलून 'मजकूर' केलं तरी मूळ २-१ परत येत नाही, आतला पाच आकडी अनुक्रमांक समोर येतो. म्हणून 'जिंकले' आणि 'हरले' असे दोन वेगळे रकाने, दोन्ही साध्या आकड्यांचे. निकाल एकत्र दाखवायचाच असेल तर सूत्राने जोडून दाखवा.

दुसरी शीट स्वरूपाची. ती आधी बनवा, सामने नंतर. स्वरूप इतक्या वेळा बदललंय की ते माहीत नसेल तर एखाद्या वर्षाच्या ओळी कमी पडल्यात की तितक्याच आहेत हे कळणारच नाही. १९९७ मध्ये चार संघ, दोन एकेरी (एकच सामना, हरला तो बाद) उपांत्य सामने आणि एकच अंतिम सामना, एकूण ३. १९९८ मध्ये संघ चारच, पण सगळ्या मालिका तीनच्या. प्रत्यक्षात ८ सामने झाले. १९९९ मध्ये सहा संघ, पहिल्या फेरीत दोन एकेरी सामने, बाकी तीनच्या मालिका. तिन्ही मालिका पूर्ण लांबल्या आणि ११ झाले. २००० ते २००४ आठ संघ, सातही मालिका तीनच्या : १४ ते २१. २००५ पासून अंतिम मालिका पाचची झाली आणि २०१५ पर्यंत तशीच राहिली : १५ ते २३. २०१६ ते २०२१ पहिल्या दोन्ही फेऱ्या एकेरी, उपांत्य आणि अंतिम पाचची : १३ ते १९. २०२२ ते २०२४ पहिली फेरी तीनची, पुढे सगळं पाचचं : १७ ते २७. २०२५ मध्ये अंतिम मालिका सातची : १८ ते २९.

ही किमान-कमाल मर्यादा प्रत्येक वर्षाच्या बेरजेशेजारी ठेवा आणि बेरीज बाहेर गेली की रकाना लाल होईल असं करा. त्याशिवाय आणखी एक तपासणी : बाद झालेल्या संघांची संख्या ही सहभागी संघांपेक्षा नेमकी एकने कमी असली पाहिजे. २०२१ ला १७ ओळी, २०२२ ला २३, २०२३ ला २०, २०२४ ला २२, २०२५ ला २४. तुमच्या वहीत हे आकडे जुळत नसतील तर बहुतेक वेळा चूक पहिल्या फेरीत असते.

याच शीटमुळे एक तुलना नीट मांडता येते. ह्यूस्टन कॉमेट्सने १९९७ ते २००० सलग चार विजेतेपदं मिळवली ती प्लेऑफचे एकूण १९ सामने खेळून : २, ५, ६ आणि ६. त्यातले १६ जिंकले. लास व्हेगास एसेसला तीन विजेतेपदांसाठी ३१ सामने लागले : २०२२ मध्ये १०, २०२३ मध्ये ९, २०२५ मध्ये १२. ह्यूस्टनची सिंथिया कूपर आणि लास व्हेगासची अ'जा विल्सन यांचे प्लेऑफमधले एकूण गुण शेजारी ठेवून कोण मोठी हे ठरवणाऱ्यांनी आधी हा रकाना पाहावा. एकूण आकडा नको, दर सामन्यामागचा घ्या, आणि तोही स्वरूपाच्या कालखंडाप्रमाणे गाळून.

यजमान रकान्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. सुरुवातीच्या वर्षांत तीनच्या मालिकेत पहिला सामना खालच्या मानांकनाच्या घरी आणि पुढचे दोन वरच्याच्या घरी होत. १९९९ च्या अंतिम मालिकेत पहिला सामना न्यूयॉर्कला झाला, दुसरा-तिसरा ह्यूस्टनला. ४ सप्टेंबर १९९९ चा टेरेसा वेदरस्पूनचा अर्ध्या मैदानावरून टाकलेला बास्केट, ज्यावर न्यूयॉर्क लिबर्टीने ६८-६७ असा सामना काढला, तो ह्यूस्टनच्या प्रेक्षकांसमोरचा आहे. न्यूयॉर्कची गोष्ट म्हणून सांगितला जात असल्याने तो न्यूयॉर्कच्या घरचा सामना म्हणून नोंदवला जातो. ओळ अशी हवी : यजमान ह्यूस्टन, पाहुणा न्यूयॉर्क, विजेता पाहुणा. दुसऱ्याच दिवशी ह्यूस्टनने ५९-४७ ने तिसरा सामना आणि विजेतेपद घेतलं.

२०२२ मध्ये तीनच्या मालिका परत आल्या, पण क्रम उलटा : पहिले दोन्ही सामने वरच्या मानांकनाच्या घरी, तिसरा लागलाच तर खालच्याच्या घरी. या व्यवस्थेवर टीका खूप झाली. ओळी भरल्यावर ती किती रास्त होती ते दिसतं. तीन वर्षांत पहिल्या फेरीच्या १२ मालिका, एकूण २७ सामने. बाराही मालिका वरच्या मानांकनाने जिंकल्या. वरच्या मानांकनाचे घरचे २४ सामने, त्यात २१ विजय. हरलेले तीन : २०२२ मध्ये शिकागो न्यूयॉर्ककडून आणि कनेक्टिकट डॅलसकडून, २०२३ मध्ये कनेक्टिकट मिनेसोटाकडून. तिन्ही मालिका तिसऱ्या सामन्याला गेल्या आणि तिन्ही वेळा वरच्या मानांकनाने परक्या मैदानावर जाऊन मालिका संपवली. म्हणजे खालच्या संघांना तीन वर्षांत घरचे सामने मिळाले तीन, आणि जिंकता आला एकही नाही.

२०२४ तर सगळ्यांत वाईट. चारही मालिका २-०, त्यामुळे खालच्या मानांकनाच्या एकाही शहरात प्लेऑफचा सामना झाला नाही. इंडियाना फिव्हर २०१६ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये आली होती, केटलिन क्लार्कचं पहिलं वर्ष, आणि दोन्ही सामने कनेक्टिकटच्या मोहेगन सन अरीनात. इंडियानापोलिसच्या प्रेक्षकांवर हा सरळ अन्याय होता असंच आमचं मत आहे.

२०२५ मध्ये क्रम आलटून-पालटून झाला : वरचा, खालचा, वरचा. चारपैकी तीन मालिका तिसऱ्या सामन्याला गेल्या. सहाव्या मानांकनाच्या इंडियानाने दुसरा सामना घरी घेतला आणि तिसरा अटलांटात ८७-८५ ने. सातव्या सिॲटलने लास व्हेगासला तिसऱ्या सामन्यात ७४-७३ पर्यंत ओढलं. एका वर्षाच्या चार मालिका म्हणजे पुरावा तोकडा आहे, हे मान्य. पण बदल ज्या दिशेने व्हायला हवा होता त्याच दिशेने झालाय.

एकेरी सामन्यांचे २०१६ ते २०२१ चे २४ सामने वेगळ्या रंगात ठेवा. त्यांना 'मालिका' म्हणून मोजलं तर प्रत्येक विजेता १-० आणि 'मालिकेत एकही सामना न गमावलेले' या गाळणीत सगळे येऊन बसतात. डिअरिका हॅम्बीने १५ सप्टेंबर २०१९ ला चेंडू हिसकावून लांबून टाकलेला बास्केट, लास व्हेगास ९३ शिकागो ९२, हा याच गटातला. २०२१ मध्ये पाचव्या मानांकनाचा फीनिक्स आणि सहाव्या मानांकनाचा शिकागो, दोघंही दोन-दोन एकेरी सामने काढून थेट अंतिम मालिकेपर्यंत आले. शिकागो स्कायचे साखळीत १६ विजय, १६ पराभव, आणि तरी विजेतेपद. साखळीची लांबी २८ पासून ४४ सामन्यांपर्यंत बदलत गेली आहे आणि २०२० मध्ये ती २२ च होती, म्हणून विजयांची संख्या नको, टक्केवारी घ्या.

मानांकनाचा रकाना मजकुराचा हवा. २०१५ पर्यंत मानांकन पूर्व-पश्चिम अशा विभागांनुसार, पू१ ते पू४ आणि प१ ते प४. २०१६ पासून १ ते ८. दोन्ही एकाच आकडी रकान्यात टाकले की 'पहिलं मानांकन' एका वर्षी दोनदा येतं. 'विभागविजेता' हा रकानाही फक्त १९९९ ते २०१५ साठी. १९९७ ची अंतिम लढत पूर्वेच्याच दोन संघांत झाली (ह्यूस्टन त्या वर्षी पूर्वेत होता, पुढच्या वर्षी पश्चिमेत गेला), १९९८ ची पश्चिमेच्याच दोघांत. २०१६, २०१७, २०२० आणि २०२५ ला पुन्हा दोन्ही संघ पश्चिमेचे, २०१९ ला दोन्ही पूर्वेचे. २९ पैकी ७.

संघांना नावावरून ओळखू नका, क्रमांक द्या. युटा स्टार्झ, सॅन अँटोनियो आणि लास व्हेगास एसेस ही एकाच संघाची बदलत गेलेली नावं आहेत, म्हणून २००८ ची अंतिम फेरीतली हार एसेसच्या खात्यात येते. डेट्रॉइट शॉकची २००३, २००६ आणि २००८ ची विजेतेपदं टल्सामार्गे डॅलस विंग्जच्या क्रमांकात जातात. ओरलँडो मिरॅकल म्हणजेच पुढचा कनेक्टिकट सन. ह्यूस्टन, सॅक्रामेंटो, क्लीव्हलंड, शार्लट हे बंद पडलेले संघ, त्यांचा क्रमांक तिथेच संपतो. पोर्टलंड फायर हे नाव २०२६ साठी पुन्हा घेतलंय. २००० ते २००२ चा त्या नावाचा संघ वेगळा, तो प्लेऑफला कधी पोचला नाही, तरी क्रमांक दोन हवेत.

मैदानाचा रकाना यजमानावरून आपोआप भरू नये. या लीगमध्ये प्लेऑफच्या वेळी मैदान दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलेलं असणं ही जुनी व्यथा आहे. २००६ चा निर्णायक पाचवा सामना डेट्रॉइटने नेहमीच्या पॅलेस मैदानाऐवजी जो लुईस अरीनात खेळला. २००८ ला त्यांनी विजेतेपदाचा सामना यिप्सिलँटीत खेळला. २०१७ चा निर्णायक सामना मिनेसोटा विद्यापीठाच्या विल्यम्स अरीनात होता, कारण नेहमीच्या टार्गेट सेंटरचं नूतनीकरण चालू होतं. २०२५ ला गोल्डन स्टेट व्हॅल्किरीजचा पहिलाच घरचा प्लेऑफ सामना सॅन होजेला गेला आणि ते ७५-७४ ने हरले. या सगळ्यांत यजमान 'घर'च राहतो. 'तटस्थ' फक्त २०२० च्या १५ ओळींना, कारण त्या सगळ्या फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन परिसरातल्या आहेत.

तारीख अमेरिकेतली ठेवा, भारतीय वेळ वेगळ्या रकान्यात. नाहीतर २० ऑक्टोबर २०२४ चा पाचवा सामना, लिबर्टी ६७ मिनेसोटा ६२, आपल्याकडे २१ तारखेला पहाटे ५:३० ला सुरू झाला म्हणून दोन ओळींत शिरतो. प्लेऑफच्या काळात पूर्वेकडच्या शहरांना ९ तास ३० मिनिटं, मिनिॲपोलिस-शिकागोला १० तास ३० मिनिटं, पश्चिम किनारा आणि फीनिक्सला १२ तास ३० मिनिटं मिळवा. अपवाद इंडियानापोलिस : २००६ पूर्वी तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नसत, म्हणून २००२ आणि २००५ च्या तिथल्या ओळींना १० तास ३० मिनिटं.

कमिशनर्स कपचा अंतिम सामना २०२१ पासून असतो, तो प्लेऑफमध्ये धरायचा नाही आणि साखळीतही नाही. २०२४ ला तो मिनेसोटा आणि न्यूयॉर्क यांच्यातच झाला, मिनेसोटाने ९४-८९ ने जिंकला. दोन संघ आणि वर्ष एवढीच गाळणी लावली तर तो अंतिम मालिकेत सहावा सामना म्हणून येऊन बसतो.

बॉक्स स्कोअर (सामन्याचा खेळाडूवार तक्ता) भरताना दोन बेरजा. पहिली : दोनचे बास्केट गुणिले २, अधिक तीनचे गुणिले ३, अधिक फ्री थ्रो, बरोबर धावफलकावरचे गुण. दुसरी : संघातल्या सगळ्या खेळाडूंची मिनिटं २००, दर ओव्हरटाइमला आणखी २५. मिनिटं पूर्णांकात दिली असतील तर एक-दोनचा फरक चालेल, पाचचा नाही. २००५ पर्यंत सामना २० मिनिटांच्या दोन हाफचा होता. चार क्वार्टर आणि २४ सेकंदांचं शॉट क्लॉक (बास्केट टाकायला मिळणाऱ्या वेळेचं घड्याळ) २००६ पासून. त्याआधीचे क्वार्टरचे रकाने रिकामे ठेवा, शून्य लिहू नका, शून्याने सरासरी खाली येते.

अंतिम मालिकांच्या १०४ ओळी आता दोनदा तपासून झाल्यात. पाचच्या वीस मालिकांपैकी आठ पाचव्या सामन्याला गेल्या, पाच चौथ्यात संपल्या, सात ३-०. आठ निर्णायक सामन्यांत यजमानाने सहा जिंकले. परक्या मैदानावर जिंकलेले दोनच : २००७ ला फीनिक्स डेट्रॉइटमध्ये, २०१६ ला लॉस एंजेलिस मिनेसोटात, ७७-७६. त्या २०१६ च्या सामन्यात न्नेका ओगवुमिकेचा शेवटच्या सव्वा मिनिटातला एक बास्केट शॉट क्लॉक संपल्यावरचा होता, हे लीगने नंतर मान्य केलं. गुण मात्र कायम राहिले, म्हणून गुणांच्या रकान्याला हात लावायचा नाही. हे शेऱ्यात जातं.

पुढची भर २००६ पासून, क्वार्टर तिथूनच सुरू होतात म्हणून. २००० ते २००५ त्यानंतर, हाफच्या वेगळ्या साच्यात.