दारातला चिखल आणि चौथ्या खेपेला जमलेलं बूट घासायचं यंत्र

आमचं घर होटगीच्या बाजूला, शेतातच वस्तीवर. दारापासून वीस पावलांवर डाळिंबाची बाग चालू होते आणि माती म्हणाल तर एकदम काळीभोर. सोलापूरला लोक दुष्काळी म्हणतात ते खरंय, पण सप्टेंबरात जो पाऊस येतो तो सगळी कसर काढून जातो, आणि त्या महिन्यात आमच्या घरात भांडणाचा विषय एकच, शहाबादी फरशी. आई सकाळी पुसून घेते, आबा बागेतून येतात, उंबऱ्यात गमबूट काढता काढता अर्धं शेत आत येतं. मी एकदा सहज काट्यावर गमबूट ठेवून बघितला, स्वच्छ असताना एक किलोच्या आत, बागेत एक चक्कर मारून आल्यावर अडीच किलो. म्हणजे माणूस पायाला दोन विटा बांधून चालतोय.

आबांचा उपाय ठरलेला, पायरीवर बसायचं आणि खुरप्यानं बुटाचा तळ खरवडायचा. त्यात वीस मिनिटं जातात आणि ती माती पायरीवरच पडते, मग पुन्हा आई. मागच्या वर्षी आईनं सरळ सांगितलं, "एक तर माती बाहेर ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेर ऱ्हावा." तिथून माझं सुरू झालं.

पहिलं म्हणजे ऑनलाइन मागवलं. प्लास्टिकचा ट्रे, खाली एक ब्रश, दोन्ही बाजूला दोन ब्रश, मधे पाय घालून मागं-पुढं करायचं, आठशेच्या आत मिळालं. फोटोत एक गोरा माणूस हसत हसत पाय घासत होता, त्याच्या बुटाला थोडी वाळू आणि गवताची पातं चिकटलेली, ते मी तेव्हा नीट बघायला पाहिजे होतं. पहिल्या दिवशी आबांनी पाय घातला, दोनदा घासला आणि ब्रशच दिसेना झाला! सगळ्या केसांमधे माती ठासून बसली, वरून पाय फिरवला की मातीवर माती घासतीय. तिसऱ्या पायाला तर बूट आत गेला त्यापेक्षा घाण होऊन बाहेर आला. मग तो ब्रश धुवायला नळाखाली पंधरा मिनिटं, त्यापेक्षा खुरपं बरं असं आबा म्हणाले आणि मला काही बोलता आलं नाही.

आता हे का होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपली काळी माती म्हणजे बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर. ह्या चिकणमातीचे पापुद्र्यासारखे बारीक थर असतात आणि त्या थरांच्या मधे पाणी शिरतं, त्यामुळं ओली झाली की फुगते आणि डिंकासारखी चिकटते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ती हीच माती. ब्रश चालतो तो भुसभुशीत किंवा वाळलेल्या मातीला, ओल्या रेगडाला ब्रश लावणं म्हणजे कणकेत कंगवा घालणं.

दुसरा प्रयोग माझ्या अतिहुशारीचा. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर पडून होती, म्हटलं तिलाच गोल ब्रश लावू, बटण दाबलं की झालं. दूध डेअरीत आणि फूड कंपन्यांत असली मशीन असतात ते माहीत होतं, पाय घातला की ब्रश फिरतो, वरून पाणी येतं, धरायला दांडा असतो. पण त्यात गिअर लावून वेग कमी केलेला असतो, आणि मी मोटर डायरेक्ट जोडली. फोर पोलची (चार चुंबकी ध्रुवांची) मोटर, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या थोडी खाली फिरते, माझा ब्रश सहा इंची, हिशोब केला तर कडेचा वेग ताशी चाळीस किलोमीटर येतो. हा हिशोब मी नंतर केला. आधी बूट लावला आणि चिखल भिंतीवर, तुळशीच्या कट्ट्यावर, वाळत घातलेल्या चादरीवर आणि माझ्या तोंडावर, सगळं एका सेकंदात. आई काही बोलली नाही, नुसती चादर काढून माझ्या हातात दिली. आणि खरी भीती वेगळीच होती, ओल्या जागेत, ओल्या बुटात, अर्थिंगचा पत्ता नसलेली मोटर. त्याच दिवशी वायर काढून टाकली. कुणी करत असाल तर करू नका.

मग जरा शोधलं की लोक पूर्वी काय करायचे. इंग्लंडात अठराव्या शतकापासून घरांच्या दाराशी पायरीच्या बाजूला लोखंडाची पट्टी रोवलेली असायची, रस्ते कच्चे, चिखल आणि घोड्यांची लीद, माणूस आत जायच्या आधी तळवा त्या पट्टीवर ओढायचा. नुसती आडवी पट्टी बरं का, ब्रश नाही की काही नाही. म्हणजे शेवटी आबांचं खुरपंच, फक्त जमिनीत रोवलेलं. हे आबांना सांगितल्यावर ते दोन दिवस खुशीत होते.

अक्कलकोट रोडला एक वेल्डिंगवाला मित्र आहे त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "पट्टी रोवायला यंत्र कशाला म्हणतो बे, अर्ध्या तासाचं काम आहे." अँगलच्या दोन खुंट्या, त्यावर आडवी फ्लॅट पट्टी, झालं. घरी आणून दारात खड्डा करून मातीतच ठोकली. पहिले चार दिवस काय सांगू, एक ओढ मारली की तळव्याची माती अख्खी ढेकूळ होऊन खाली, मी तर व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला. पाचव्या दिवशी रात्रभर पाऊस, सकाळी बघतो तर पट्टी एका बाजूला कललेली. माती फुगली तशी खुंट्या ढिल्या झाल्या. तरी आबांनी तशाच पट्टीवर पाय ठेवला, ती डुगडुगली, एका पायावर उभा माणूस, तोल गेला आणि आबा चिखलात बसले. लागलं नाही, पण वय चौऱ्याहत्तर आहे, माझी छाती धडधडली. मित्राला फोन केला तर तो म्हणतो, "दांडा का नाही सांगितला की तू?" बरोबर होतं त्याचं.

चौथं जे केलं ते आता वर्ष झालं चालतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी जमीन. आपल्याकडं घराचा पाया घेताना काळी माती काढून मुरूम भरतात, तेच इथं केलं, दोन फूट खोल खड्डा, काळी माती सगळी बाहेर, खाली मुरूम टाकून धुम्मसनं कुटला, वर काँक्रीट आणि त्यात खुंट्या. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही, वर ओलं पोतं टाकून ठेवलं. आता पावसात बाजूची माती फुगते, पट्टी हलत नाही.

पट्टी 40 बाय 6 मिलिमीटरची घेतली, वरची धार ग्राइंडरनं गोल करून, नाहीतर रबराचा तळ कापला जातो. जमिनीपासून चांगली वीतभर उंच, हे लै महत्त्वाचं आहे, पहिली चार बोटं वर होती आणि खाली ढेकळं साचून पट्टीच बुजायची. आणि अजून एक, गमबुटाच्या टाचेच्या पुढं जो खड्डा असतो तिथली माती लांब पट्टीला निघतच नाही, म्हणून शेजारी दोन इंचाचा एक उभा तुकडा वेल्ड करून घेतला, टाच त्याला अडकवून ओढली की तिथला गोळा सुटतो. ही आयडिया वेल्डिंगवाल्याची, स्वतःचा बूट हातात घेऊन त्यानं माप काढलं होतं.

त्याच्या पुढं एक पाऊल सोडून ब्रश. फरशी घासायचे कडक नायलॉनचे साधे ब्रश मंगळवार पेठेतून आणले, एक खाली उलटा आणि दोन बाजूंना आतल्या अंगाला, सगळे नट-बोल्टनं बसवले म्हणजे झिजले की बदलता येतात. तारेचा ब्रश आणू नका, रबराला चरे पडतात आणि तो स्वतः महिन्यात गंजतो. ब्रशवर एक पाइप सोडलाय, भोकं पाडून, कॉक उघडला की पाणी. पाणी आधी मारायचं नाही, आधी मारलं तर कोरडी असलेली माती पण चिकट होते. आधी पट्टी, मग पाणी-ब्रश, हा क्रम आईनं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलाय.

दांडा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा, कमरेएवढा, दोन्ही बाजूला. खाली लोखंडी जाळी आणि जाळीखाली खड्डा, कारण पहिल्या आठवड्यात पाणी सरळ मोरीच्या पाइपात सोडलं होतं आणि तो पाइप असा चोंदला की सळई घालून पण निघेना, शेवटी कापावा लागला. आता गाळ खड्ड्यात बसतो, वरचं पाणी नारळाला जातं, आठ-दहा दिवसांनी जाळी उचलून दोन पाट्या माती काढायची. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले, त्यात तो प्लास्टिकचा ट्रे धरला नाही, त्याच्यात आता कोथिंबीर लावलीय.

एक फायदा डोक्यातच नव्हता. डाळिंबाला मर लागते, म्हणजे झाड वाळून जाणारा रोग, त्याची बुरशी जमिनीत राहते आणि मातीबरोबर एका बागेतून दुसरीकडं जाते. छाटणीला येणारी टोळी दहा ठिकाणं फिरून आलेली असते. आता तसलंच एक, ब्रश नसलेलं, बागेच्या फाटकाला लावलंय आणि आत जायच्या आधी बूट साफ करूनच जायचं असा नियम केलाय. सुरुवातीला टोळीतल्या पोरांनी चेष्टा केली, "मालक, देवळात चाललोय का बागेत?"

वेल्डच्या जागेवर गंज धरायला लागलाय, रेड ऑक्साईड मारून वर पेंट द्यायचा दिवाळीपासून राहिलाय. बाजूचा एक ब्रश पण टक्कल पडल्यासारखा झालाय, बदलायला आला.

आबा पट्टी वापरतात. पण दांड्याला एक दोरी बांधून खुरपं टांगून ठेवलंय त्यांनी, आणि पट्टीवर पाय ओढून झाला की वाकून दोन हात त्याचे मारतातच.