२५०० वरून १९५०: हेडस्पीड उतरवताना पिचचं काय झालं

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या ५०० क्लासच्या, रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरची एक तक्रार होती. बॅटरी नवी (म्हणजे नुकती भरलेली) असताना स्टिक ६५ टक्क्यांवर होव्हर (एका जागी तरंगणं), आणि चौथ्या मिनिटाला तेच होव्हर धरायला स्टिक वर न्यावी लागायची. मी दरवेळी पिच कर्व्हमध्ये (कोणत्या स्टिकला ब्लेडचा किती कोन, म्हणजे पिच, हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) दोन-चार टक्के वाढवायची. मग नवी बॅटरी लावली की मशीन उडी मारायचं, की परत कमी करायचं. असे तीन महिने गेले.

मशीन असं आहे: ४२५ मिमीचे कार्बन ब्लेड, रोटरचा व्यास साधारण ९७ सेंमी, सहा सेलची २६०० एमएएच बॅटरी, १६०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १६०० फेऱ्या) मोटर, १३ दातांचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), १६२ दातांचा मेन गिअर, फ्लायबारलेस हेड (तोल इलेक्ट्रॉनिक युनिट सांभाळतं). वजन बॅटरीसकट १९०० ग्रॅम. गव्हर्नर (फेऱ्या आपोआप स्थिर ठेवणारी सोय) बंद, थ्रॉटल कर्व्ह ८५ टक्क्यांवर सपाट (स्टिक कुठेही असली तरी थ्रॉटल तेवढाच). हेडस्पीड (मुख्य रोटरच्या मिनिटाला फेऱ्या) साधारण २५०० असं मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण तो कागदावर काढलेला आकडा होता. मोजलेला नव्हता.

आमच्या मैदानावर एक काका आहेत, नायट्रोच्या (इंधनावरच्या मॉडेलच्या) काळापासून उडवतात. त्यांनी माझं एक फ्लाइट ऐकलं (बघितलं म्हणत नाही, ते खरंच मान खाली घालून ऐकत होते) आणि म्हणाले, "अगं, पिचला हात लावू नकोस. हेडस्पीड पडतोय तुझा. आवाज उतरत चाललाय, ऐक ना." आणि घरचा डिजिटल पिच गेज आणि ऑप्टिकल टॅकोमीटर दोन्ही माझ्या हातात दिले.

पहिला रविवार: आधी मोजणं

टॅकोमीटर खरं बोलतो का, हे तपासायची सोपी युक्ती काकांनीच सांगितली. जुन्या पद्धतीच्या, चोक लावलेल्या ट्यूबलाइटकडे तो धरायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६०००. मीटर दोन ब्लेडवर लावलेला असेल तर त्याने बरोबर ३००० दाखवायला हवं. आमच्या जिन्यात अशी एकच ट्यूब उरली आहे. आकडा आला ३०००. मन निवांत झालं.

पण हवेतल्या हेलिकॉप्टरजवळ टॅकोमीटर घेऊन कुणी उभं राहू नये. २५०० ला ब्लेडचं टोक ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वर फिरतं. म्हणून जमिनीवर, शून्य पिचला, चार मीटरवरून एकदा मोजलं आणि त्याच वेळी दादाने फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम घेतला. दोन ब्लेडचं हेड एका फेरीत दोन ठोके देतं, म्हणून हर्ट्झला ३० ने गुणलं की हेडस्पीड. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, त्यामुळे सगळ्यात उंच रेघ बऱ्याचदा दुपटीची असते. आम्हाला पहिल्यांदा १७४ दिसलं आणि दादा म्हणाला, "पाच हजारावर फिरतंय की हे!" निम्मं केलं तर ८७, म्हणजे २६१०. टॅकोमीटरही तेवढंच सांगत होता. दोन्ही जुळल्यावर पुढचं सगळं मोजमाप आवाजावरच केलं, दादाला दहा मीटर मागे उभं करून.

होव्हरमध्ये: नवी बॅटरी, ८५.३ हर्ट्झ, २५६०. साडेपाचव्या मिनिटाला, ७६.७ हर्ट्झ, २३००.

हाच तो चोर. लिफ्ट फेऱ्यांच्या वर्गाने बदलते. २३०० भागिले २५६० चा वर्ग ०.८१ येतो. त्याच पिचला जवळजवळ पाचवा हिस्सा लिफ्ट गायब, आणि ती मी हाताने, स्टिक वर ढकलून भरून काढत होते. पिच कर्व्ह बिचारा जागच्या जागी होता.

त्याच संध्याकाळी ठरवलं की गव्हर्नर चालू करायचा, आणि करतेच आहे तर हेडस्पीड खालीही आणायचा. मला थ्रीडी (हवेतल्या कसरती) करायचं नाही. मला मोठे, शांत सर्किट आवडतात. मैदानाशेजारी गोठा आहे, २५०० ला तिथली जनावरं दोरीला ताण देऊन उभी राहतात हे मी कित्येकदा पाहिलंय, आणि ते मला बरं वाटत नव्हतं.

दुसरा आठवडा: टेबलावर

मोटरच्या तीनही वायर काढल्या. हे पहिलं. पिच मोजताना मोटर जोडलेली ठेवू नका, कितीही घाई असू दे.

फ्लायबारलेस युनिट सेटअप मोडमध्ये टाकलं. हे न करता मी आधी मोजायची, आणि गेजवरचा आकडा हळूहळू सरकत राहायचा. युनिटला वाटतं मशीन कलतंय, म्हणून ते स्वॉशप्लेट (ब्लेडचे कोन बदलणारी तबकडी) हलवत राहतं. सेटअप मोडमध्ये ते गप्प बसतं. मग स्टिक मध्यावर, सर्वो हॉर्न ९० अंशांत, स्वॉशप्लेट समतल, आणि त्यानंतरच गेज. गेज आधी हेडच्या सपाट पाठीवर ठेवून शून्य केला, मग ब्लेडवर चढवला.

एक ब्लेड +०.३. हेड अर्धं फिरवून दुसरा तिथेच आणला: −०.३.

म्हणजे दोन ब्लेडमध्ये ०.६ अंशांचा फरक, आणि मी त्यावर वर्षभर उडवतेय. ट्रॅकिंगमध्ये (फिरताना दोन्ही ब्लेड एकाच पातळीत आहेत का हे बघताना) टोकं थोडी वेगळी दिसायची, मला वाटायचं उन्हामुळे. इथे लिंक (ब्लेडचा कोन ठरवणारी छोटी दांडी) किती फिरवायची ते हिशेबाने कळतं. एम२ आटे, एका फेरीला ०.४ मिमी. माझ्या ग्रिपचा (ब्लेड धरणाऱ्या भागाचा) हात फेदरिंग शाफ्टच्या (ब्लेडचा कोन ज्याभोवती फिरतो त्या दांड्याच्या) मध्यापासून २० मिमी. ०.४ भागिले २० म्हणजे ०.०२ रेडियन, १.१५ अंश. अर्धी फेरी म्हणजे ०.५७. तेव्हा फक्त +०.३ वाल्या ब्लेडची लिंक अर्धी फेरी लहान केली, की दोन्ही जवळपास −०.३ वर एकसारखे आले, मग युनिटमधल्या कलेक्टिव्ह (दोन्ही ब्लेडचा एकत्र पिच) ट्रिमने दोन्ही मिळून शून्यावर. बॉल लिंकला सरळ-उलटी बाजू असेल तर अर्धी फेरी चालत नाही, पूर्णच फिरवावी लागते. माझ्या लिंक दोन्हीकडून बसतात, म्हणून जमलं. बसवल्यावर बोटाने हलवून बघितलं, अडकत नाही ना.

सायक्लिक (मशीन कलवण्यासाठी फेरीत बदलणारा पिच) युनिटने मागितल्याप्रमाणे दिलं. काही युनिट ६ अंश मागतात, काही ८. ज्याचं जे पुस्तिकेत आहे ते द्या, मनाने वाढवू नका. कलेक्टिव्ह दोन्ही टोकांना ११ अंश, सरळ रेषेत. नॉर्मल मोडसाठी (सुरू करायचा मोड; दुसरा आयडल-अप, उडवायचा) वेगळा कर्व्ह मी आता काढूनच टाकला. आधी मध्यावर ५ अंश असायचे, आणि मोड बदलताना मशीन तेवढंच उसळायचं. आता दोन्ही मोडमध्ये मध्य म्हणजे शून्य, होव्हर स्टिकच्या वरच्या भागात. हाताला चार फ्लाइटमध्ये सवय झाली.

पिनियन १३ ऐवजी १२ दातांचा. कारण असं: उडताना बॅटरी साडेएकवीस व्होल्टवर येते असं धरलं, तर १३ दातांना पूर्ण थ्रॉटलला २७६० येतात, तेही भाराशिवाय. त्यात २५०० चा गव्हर्नर लावला तर नव्वद टक्के आधीच खर्च. वर उसळायला हातात काही उरत नाही. १२ दातांना २५४८ येतात. त्यात १९५० म्हणजे सत्त्याहत्तर टक्के, भरपूर जागा. गिअर जुळवताना दातांमध्ये वहीचा कागद घालून मोटर घट्ट केली, मग फिरवून कागद काढला. कागदावर दातांचे ठसे सारख्या खोलीचे दिसले, कुठे फाटला नाही.

तिसरा रविवार: १९५०

आवाज आला ६५ हर्ट्झ. दादाने बोट वर केलं. पाचव्या मिनिटाला परत ६५. स्टिक जागची हलली नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा शेवटचं मिनिट पहिल्या मिनिटासारखं वाटलं, आणि मी एवढी खूश झाले की लँडिंगनंतर काही वेळ नुसती उभी होते.

आता माझा आवडता भाग. होव्हरमध्ये पिच किती लागला? मी स्थिर असताना दादा ट्रान्समीटरच्या मॉनिटर पानावरचा कलेक्टिव्हचा आकडा वाचायचा. घरी टेबलावर स्टिक त्याच आकड्यावर नेऊन गेज वाचला. पहिल्या रविवारी मशीन २५०० च्या आसपास असताना टिपलेला आकडाही असाच नंतर तपासला होता: ३.५ अंश. १९५० ला मी कागदावर काढलं, २५०० भागिले १९५० चा वर्ग म्हणजे १.६४, तर साडेतीनचे पावणेसहा होणार. गेजवर आले ५.०.

दोन दिवस मला हे सुटेना. नंतर लक्षात आलं. गेज दाखवतो तो सगळा कोन लिफ्टच्या कामी येत नाही. रोटरमधून हवा खाली वाहत असते. माझ्या वजनाला आणि व्यासाला सेकंदाला सुमारे ३.३ मीटर. ब्लेडला ती हवा तिरकी भेटते. २५०० ला पाऊण त्रिज्येवर हा तिरपेपणा २ अंशांचा, उरतात दीड अंश. लिफ्ट त्या दीड अंशांची. हेडस्पीड उतरवला की दीडाचे वर्गाने वाढून अडीचच्या जवळ जातात, पण तिरपेपणा सरळ प्रमाणातच वाढतो, २ चा २.६. बेरीज पाच. गेज बरोबर होता. अपुरा माझा हिशेब होता.

पुण्याची उंची ५६० मीटर, हवा समुद्रसपाटीपेक्षा पाचेक टक्के पातळ. कोकणात नेलं तर हिशेबात होव्हर पिच जरासा कमी यायला हवा, पण तो फरक स्टिकवर कळेल असं मला वाटत नाही.

चौथा आठवडा: कुठे थांबायचं

लोभ सुटला म्हणून १७५० करून पाहिलं. नको. थांबताना हेड डोलायला लागलं, कारण माझे डॅम्पर (हेडमधले हादरे शोषणारे रबर) कडक आहेत, ते जास्त फेऱ्यांसाठीच बसवलेले. टेलही सैल झाली. टेल रोटर मेन गिअरवरूनच फिरतो, त्याच्याही फेऱ्या तेवढ्याच पडतात. एका जोरदार चढाईत नाक तीस अंश वळलं. शिवाय थ्रॉटल सत्तरच्या खाली गेल्यामुळे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) हाताला चटका देईल इतका तापला. परत १९५०. तिथे टेलचा गेन (नाक वळू न देण्याचा जोर) ६२ वरून ६९ केला, आता चढाईत नाक धरून राहते. डॅम्पर एक नंबर मऊ मागवलेत.

बॅटरीचा फरक बघा. त्याच साडेपाच मिनिटांच्या फ्लाइटनंतर चार्जरने आधी २०६० एमएएच परत भरले होते. आता १३१०. ब्लेड नुसते हवेतून ओढायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने बदलते, त्यामुळे एवढी बचत. टायमर ८ मिनिटांवर नेला, बॅटरीचे ऐंशी टक्के संपायच्या आतच उतरते.

एक गोष्ट मात्र गेली, आणि ती छोटी नाही. फिरणाऱ्या हेडमध्ये साठलेली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने असते. १९५० ला ती २५०० च्या ६१ टक्केच. ऑटोरोटेशनमध्ये (मोटर बंद ठेवून उतरताना) शेवटी पिच ओढताना दुसरी संधी मिळत नाही. काल तीन केले, दोन नीट बसले, तिसऱ्यात लवकर ओढलं आणि शेवटचा अर्धा मीटर मशीन आपटलं. स्किड वाकले, ब्लेड वाचले. आता दुसऱ्या आयडल-अपवर २२०० ठेवलाय, ऑटोचा सराव तिथूनच. तिथला होव्हर पिच अजून मोजायचा आहे. हिशेबाने ४.२ यायला हवा. गेज काकांना परत द्यायच्या आधी तेवढं करते.