लेकराला घेऊन शेतातल्या लग्नाला : माझा अनुभव

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात अजूनही कितीतरी लग्नं दारातल्या मांडवात, देवळासमोर नाहीतर भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात लागतात. मला अशीच लग्नं आवडतात. मूल इथं मोकळं फिरतं आणि रडलं तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. या वयाच्या लेकराला घेऊन अशा लग्नाला जायचं तर दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : त्याचं जेवण कधी आणि मांडवात बसायचं कुठं.

पत्रिकेत अक्षतांची वेळ १२ वाजून ३५ मिनिटं छापलेली असली, तरी नवरदेव देवळातून वाजतगाजत येईपर्यंत एक वाजतो. पहिली पंगत त्यानंतर, म्हणजे पान समोर यायला दीड-पावणेदोन. घरी साडेअकराला जेवणारं मूल तोवर धरत नाही. म्हणून मी वरण-भाताचा डबा नेते आणि मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी, साडेअकरा-पावणेबाराला, त्याला भरवून घेते. पोट भरलेलं मूल अक्षतांपर्यंत नीट राहतं, आणि मोठ्यांच्या पंगतीच्या वेळी झोपतं. मांडीवर झोपवायचं तर सुती लुगड्याची घडी बरी. दुपट्यात नायलॉन असलं की पाठ घामेजते.

पोचल्यावर बसायच्या आधी मांडवाला एक फेरी मारते. पहिल्यांदा बघायचं ते आचाऱ्याची चूल. शेतात लांब चर खणून त्यावर कायली आणि पातेली चढवतात. पेटती चूल निदान दिसते, मूल तिकडं निघालं तर आपण सावध होतो. खरा धोका स्वयंपाक उतरल्यावर. लाकडं ओढून घेतलेली असतात, वर राखेचा पांढरा थर असतो आणि खाली निखारे तासन् तास धगधगत असतात. मुलाला ती नुसती माती वाटते. चराच्या तोंडाशी दोन बाकडी आडवी टाकायला आचाऱ्याला सांगितलं तर तो ऐकतो. मी दरवेळी सांगते. भाजलंच तर जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, बर्फ काहीही नको. मग दवाखाना.

दुसरं म्हणजे गाड्या लावायची जागा. ट्रॅक्स आणि टेम्पो मागं घेताना चालकाला कमरेएवढं मूल दिसत नाही. तिसरं, विहीर किंवा शेततळं जवळ आहे का. मग झाडाकडं वर बघायचं. आंब्याची पानं जोडून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतील तर त्या सावलीत बसू नये, आणि आग्या मोहोळ दिसलं तर यजमानांना लगेच सांगावं. फटाक्यांच्या आवाजानं आणि धुरानं माश्या उठतात.

कापलेल्या भाताचं धसकट टोकदार असतं. अंगठ्याच्या चपलेतून पाय सुटतो, म्हणून मागं पट्टा असलेली सॅंडल घालावी.

बसायला मांडवाची कड धरावी, वारा येतो ती. मधोमध कापडाखाली एप्रिल-मेमध्ये हवा कोंडते. स्पीकरपासून जितकं लांब तितकं बरं : उघड्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. हलगी-बँजो ऐकायला लेकराला हौस असते, ती जरूर पुरवावी, पण वीस-तीस पावलांवरून. कापसाच्या बोळ्यानं फार फरक पडत नाही. लहान मुलांचे कानावर बसणारे इअरमफ मिळतात, ते घ्यावेत.

आता अक्षता. कुंकवानं लाल केलेले तांदूळ, कुठं कुठं ज्वारी. ‘सावधान’ झालं की मागच्या रांगेतून ते जोरात येतात आणि नेमके कडेवरच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुढं उभं राहायचंच असेल तर मूल छातीशी धरून त्याचं तोंड आपल्या खांद्याकडं वळवावं. मी कडेच्या खांबापाशी राहते आणि त्याच्या मुठीत चार दाणे देते. तोंडात जातील म्हणून मूठ माझ्या हातात. डोळ्यात दाणा गेला तर चोळू देऊ नये, पदराच्या टोकानं काढू नये. स्वच्छ पाण्याची धार सोडावी. तरीही डोळा लाल राहिला, उघडेना, तर डॉक्टर. कानात गेला तर मात्र पाणी अजिबात नको, कारण दाणा भिजून फुगतो आणि घट्ट बसतो. नाकात गेला तरी बोट घालू नये. दोन्ही वेळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडंच.

पंगतीच्या वेळी मूल जागंच असलं तर वाढप्याला आधीच सांगावं, “मामा, बाळ हाय बरोबर, आमटीच्या आदी नुसता भात वाढा की.” आमटी तिखट असते आणि एकदा भातावर पडली की काढता येत नाही. हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर, मुलं आवडीनं खातात. वर कोमट लागली तरी आत कढत असते, पानाच्या कडेला पसरून निववावी आणि खोबऱ्याचे तुकडे, काजू वेचून काढावेत. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, सुपारी देऊ नये. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पंचामृताचं बोटही नको, त्यात मध असतो. मठ्ठ्यात बर्फ पडलेला दिसला तर मी मुलाला देत नाही. तो कुठल्या पाण्याचा हे सांगता येत नाही.

पाणी घरचं, उकळून गार केलेलं, मुलासाठी निदान एक लिटर. सोबत ओआरएसची पुडी. मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलिलिटरला. पुडीवर वाचून पूर्ण पुडी एकदम कालवावी, अर्धी-अर्धी नाही. खोक्यातली गोड फळपेयं त्याऐवजी चालत नाहीत.

उन्हाळ्यातलं लग्न असेल तर तीनच्या सुमारास आभाळ बघावं. वळीव आला की आधी वारा सुटतो, मांडवाचं कापड फुगतं, खांब हलतात. तेव्हा मांडवात थांबू नये आणि एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. गावातलं पक्कं घर किंवा काचा लावलेली गाडी गाठावी. म्हणूनच मी यजमानांचं घर आल्याआल्या विचारून ठेवते आणि आहेराचं पाकीट जेवणाआधीच देऊन मोकळी होते.